पत्र लिहिणारा आणि पत्र जपणारा



पुण्यात स्वारगेटच्या एस.टी. स्थानकावर आपण अनेकदा उतरला असाल. गावाकडची गाडी उभी राहते, पिशव्या सावरीत माणसे उतरतात आणि रिक्षा किंवा बस गाठण्याच्या घाईला लागतात. एखादे वेळी सवड असेल, तर घाई न करता सारसबागेवरून दांडेकर पुलाकडे पायी जा. पर्वतीच्या पायथ्याशी राष्ट्र सेवा दलाच्या आवारात साने गुरुजींचे स्मारक आहे. महाराष्ट्रातील मुलांच्या कित्येक पिढ्यांना ज्यांनी 'श्यामची आई' वाचून रडविले आणि शहाणेही केले, त्या लेखकाचे नाव या जागेला दिलेले आहे.

त्या नावासमोर उभे राहिले की एक साधा प्रश्न मनात येतो. लेखकाची पुस्तके ग्रंथालयात राहतात, परंतु त्याने लिहिलेल्या पत्रांचे काय होते? लेखक पत्र लिहितो, पेटीत टाकतो आणि ते कायमचे त्याच्या हातून जाते. त्याचे जगणे वा नाहीसे होणे त्यानंतर सर्वस्वी दुसऱ्या माणसाच्या हाती असते. ते ज्याला मिळाले, त्याने जपले तर ते राहते. त्याने फाडले, जाळले किंवा रद्दीत घातले तर संपते. म्हणून पत्रसंग्रहाचा इतिहास हा लिहिणाऱ्यांचा जेवढा आहे, तेवढाच जपणाऱ्यांचाही आहे. या जपणाऱ्यांविषयी थोडे बोलावे, हा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम गुरुजींचेच उदाहरण घेऊ. पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड येथे झाला. शिक्षण संपल्यावर ते खानदेशात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. तेथील छात्रालयाची जबाबदारी अंगावर येताच त्यांनी मुलांसाठी 'छात्रालय दैनिक' सुरू केले. हे दैनिक हाताने लिहिलेले असे. मुले सकाळी उठून ते वाचीत. बालसाहित्याचा हा लेखक असा आरंभापासून संपादकही होता. पुढे १९३० साली नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले, आणि नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत त्यांनी 'श्यामची आई' लिहून काढली. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले आणि ११ जून १९५० रोजी जगाचा निरोप घेईपर्यंत ते चालविले.

याच 'साधने'तून त्यांनी आपली पुतणी सुधा हिला पत्रे लिहिली. एका लहान मुलीला तिच्या काकांनी लिहिलेली ती पत्रे. त्यांत झाडे, फुले, पाऊस आहेत, माणसे आहेत, देशात आणि जगात काय चालले आहे तेही आहे. पत्र सुधाचे असले तरी ते वाचणाऱ्या प्रत्येक मुलाला आपलेच वाटे. पुढे ती 'सुंदर पत्रे' या नावाने पुस्तकरूपाने आली. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. ही पत्रे राहिली, कारण ती छापली गेली. आणि ती छापली गेली, कारण लिहिणारा स्वतःच संपादक होता. परंतु गुरुजी छापण्यासाठी लिहीत तेवढीच पत्रे लिहीत होते असे नव्हे. विद्यार्थ्यांना, सेवा दलाच्या सैनिकांना, स्नेह्यांना, प्रकाशकांना त्यांची पत्रे जात. त्यांतील जे पत्र ज्याच्या ट्रंकेत राहिले, ते त्या ट्रंकेच्या नशिबाने राहिले.

आणि जपण्याचे मोल गुरुजींनी स्वतः जाणले होते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी गीतेवर बोलत. बोललेला शब्द हवेत विरून जातो. त्या तुरुंगात साने गुरुजी होते म्हणून तो विरला नाही. विनोबा बोलत आणि गुरुजी उतरवून घेत. आज अनेक भाषांत वाचली जाणारी 'गीता प्रवचने' अशी एका लेखकाच्या नम्र हाताने वाचलेली आहेत. ज्याला स्वतःला सांगण्यासारखे इतके होते, त्याने दुसऱ्याचे शब्द टिपण्यासाठी लेखणी झिजविली, हे विसरू नये. याच गुरुजींनी 'इस्लामी संस्कृति' हे पुस्तक लिहून महंमद पैगंबरांचे चरित्र मराठी वाचकांपुढे आदराने मांडले, हेही आपणांस ठाऊक असेलच.

आता लेखकाने संपादकाला लिहिलेल्या खासगी पत्राकडे वळू. मासिकाच्या कचेरीत टपाल येते. पाकिटात गोष्ट असते, कविता असते, आणि सोबत एक चिठ्ठी असते. गोष्ट छापखान्यात जाते, जुळाऱ्याच्या हाती पडते, तिचे प्रूफ निघते आणि अंक बाहेर पडतो. चिठ्ठीकडे मात्र कोणाचे लक्ष नसते. वास्तविक त्या चिठ्ठीतच खरी हकीकत असते. गोष्ट का लिहिली, शेवट का बदलला, मानधन पोहोचले की नाही, घरी आजारपण आहे म्हणून मजकूर लांबला, नाव छापू नये, चित्र असे असावे, मागील अंकात चूक राहिली — या गोष्टी पुस्तकात कधी येत नाहीत. मोठ्यांसाठी लिहिणाऱ्यांच्या आठवणी, चरित्रे थोडीफार तरी निघतात. मुलांसाठी लिहिणाऱ्याचे मासिक मुले वाचतात, चुरगळतात, त्याची विमाने करतात. आणि त्याच्या चिठ्ठ्यांना तर कोणी वालीच नसतो. आपल्याकडे 'आनंद', 'बालमित्र', 'किशोर' अशा मासिकांनी मुलांना वाचनाची गोडी लावली. त्यांच्या अंकांची नावे आपण अभिमानाने घेतो. त्या अंकांमागे झालेला पत्रव्यवहार मात्र आपल्या अभिमानातून नेहमी सुटून जातो.

असा पत्रव्यवहार जपला तर काय हाती लागते, याचे एक ठळक उदाहरण उत्तरेकडचे आहे. मुन्शी प्रेमचंद आपणां सर्वांना परिचित आहेत. 'ईदगाह' ही १९३३ सालची त्यांची कथा. मेळ्यात खेळणी न घेता आजीसाठी चिमटा घेणारा छोटा हमीद कोणाला आठवत नाही? प्रेमचंदांनी मुलांसाठी मुद्दामही लिहिले. 'कुत्ते की कहानी' हे त्यांचे पुस्तक मुलांसाठीच आहे. या लेखकाचा आरंभीचा काळ उर्दूत गेला, आणि त्याचे मोठे आश्रयस्थान होते कानपूरचे 'जमाना' मासिक. त्याचे संपादक मुन्शी दयानारायण निगम हे त्यांचे जिवलग मित्र. प्रेमचंद त्यांना वर्षानुवर्षे पत्रे लिहीत राहिले. त्यांत लेखनाचा व्यवहार आहे आणि घरची सुखदुःखेही आहेत.

१९०८ साली त्यांचा 'सोज़े वतन' हा कथासंग्रह निघाला आणि सरकारची वक्रदृष्टी त्यावर वळली. सरकारी नोकरीत असलेल्या या माणसावर, यापुढे लिहिलेला प्रत्येक मजकूर आधी वरिष्ठांना दाखविण्याचे बंधन आले. 'नवाबराय' हे नाव वापरणे अशक्य झाले. निगमांनी नवे नाव सुचविले आणि लेखकाने ते पसंत असल्याचे पत्राने कळविले. ते नाव म्हणजे 'प्रेमचंद'. आज शाळेच्या पाठ्यपुस्तकात जे नाव मुले सहज घेतात, त्याच्या जन्माची साक्ष एका संपादकाला गेलेल्या खासगी पत्रात आहे. निगमांनी ती पत्रे रद्दी समजून टाकली असती तर? प्रेमचंद १९३६ साली वारले. पुढे मदन गोपाल आणि प्रेमचंदांचे चिरंजीव अमृतराय यांनी ठिकठिकाणची पत्रे गोळा केली आणि १९६२ साली ती 'चिट्ठी-पत्री' या नावाने दोन भागांत प्रसिद्ध झाली. निगमांना लिहिलेली पत्रे हे त्या संग्रहाचे मोठे धन आहे.

परंतु येथे एक शंका रास्त आहे, आणि ती टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. दुसऱ्याचे खासगी पत्र छापावे काय? ही शंका मिर्झा गालिब यांच्या बाबतीतही उभी राहिली होती. गालिबांनी घरातल्या मुलांसाठी 'कादिरनामा' नावाची पद्यरूप शब्दमाला लिहिली होती, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्यांची पत्रे तर उर्दू गद्याचा दागिनाच मानली जातात. १८५८ साली आग्र्याचे छापखानदार व पत्रकार मुन्शी शिवनारायण 'आराम' आणि गालिबांचे शागीर्द हरगोपाल 'तफ्ता' यांच्या मनात आले की ही पत्रे छापावीत. गालिबांनी तेव्हा चक्क नकार दिला. आपसातल्या गोष्टी चारचौघांत मांडण्याची त्यांना गरज वाटेना, आणि सहज लिहिलेल्या मजकुराने आपल्या नावाला उणेपणा येईल अशी त्यांना धास्ती होती. पुढे चाहत्यांच्या आग्रहापुढे त्यांचे मन वळले. 'ऊदे हिंदी' हा पत्रसंग्रह १८६८ मध्ये निघाला. 'उर्दू-ए-मुअल्ला' हा दुसरा संग्रह १८६९ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर थोड्याच दिवसांत बाहेर पडला.

यावरून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, शिवनारायण आणि तफ्ता यांनी आधी विचारले. दुसरी, नकार मिळाल्यावर त्यांनी पत्रे फाडून टाकली नाहीत. जपणे वेगळे आणि छापणे वेगळे. छापण्याची घाई नसावी. जपण्यात मात्र दिरंगाई नसावी.

मराठीतही अलीकडचा एक मोठा दाखला आहे. जी. ए. कुलकर्णी हे प्रामुख्याने कथाकार, पण 'बखर बिम्मची' आणि 'मुग्धाची रंगीत गोष्ट' यांमुळे बालसाहित्याच्या वाचकांनाही ते आपलेच वाटतात. आयुष्याचा मोठा भाग त्यांनी धारवाडला इंग्रजीचे प्राध्यापक म्हणून काढला. सभा-समारंभ, व्यासपीठे, मुलाखती यांपासून ते कटाक्षाने दूर राहिले. भेटणे नको, पण पत्र लिहिणे हवे, असा त्यांचा स्वभाव. ११ डिसेंबर १९८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यानंतर ज्यांच्याकडे त्यांची पत्रे होती त्यांनी ती बाहेर काढली, आणि १९९५ पासून 'जी. एं.ची निवडक पत्रे' खंडाखंडाने प्रसिद्ध झाली. पहिल्या खंडात सुनीता देशपांडे यांना लिहिलेली पत्रे आहेत. पुढच्या खंडांत साहित्यिक मित्र आणि संपादक यांना लिहिलेली. जो माणूस लोकांसमोर आला नाही, त्याचा मोकळा आवाज वाचकांना ऐकू आला तो त्या पत्रांतून. 'निवडक' हा शब्दही लक्षात ठेवावा. सर्वच छापले पाहिजे असे नाही. कोणाला दुखावणारे, तिसऱ्या माणसाच्या घरातले बाजूला ठेवण्याचा विवेक संपादकाजवळ असावा लागतो.

आता पुन्हा स्वारगेटला येऊ. दांडेकर पुलाऐवजी पेठांच्या बाजूला वळलात तर थोड्याच अंतरावर गंज पेठ लागते, जी आता महात्मा फुले पेठ म्हणून ओळखली जाते. मोमीनपुऱ्याची वस्ती याच भागात. येथेच जोतिराव आणि सावित्रीबाई यांचा वाडा आहे. सावित्रीबाईंनी जोतिरावांना लिहिलेली तीन पत्रे उपलब्ध आहेत. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या त्यांच्या समग्र वाङ्मयात ती आली आहेत. पहिले पत्र १० ऑक्टोबर १८५६ चे, माहेरी नायगावहून लिहिलेले. सावित्रीबाई आजारातून उठत होत्या. पुण्याची शाळा त्यांच्या मनातून जात नव्हती. त्या पत्रात त्यांनी फातिमाची आठवण काढली आहे. आपल्या गैरहजेरीत तिच्यावर कामाचा भार पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा आशयाचे ते शब्द आहेत.

ही फातिमा म्हणजे फातिमा शेख, ज्यांना आपण मुस्लिम स्त्रीशिक्षणाच्या आद्य शिक्षिका म्हणून मान देतो. जानेवारी २०२५ मध्ये, अशी कोणी स्त्री झालीच नाही, असा दावा जाहीरपणे केला गेला आणि देशभर वाद झाला. त्या वेळी अभ्यासकांनी ज्या आधारांकडे बोट दाखविले, त्यांत हे पत्र अग्रभागी होते. वाचकहो, जरा विचार करा. मुलींना शिकविण्यात हयात घालविणाऱ्या एका स्त्रीच्या अस्तित्वाचा प्रश्न पावणेदोनशे वर्षांनी निघतो, आणि उत्तरासाठी आपण कशाकडे वळतो? एका आजारी मैत्रिणीने आपल्या पतीला लिहिलेल्या घरगुती पत्रातल्या ओळीकडे. फातिमा शेख यांची स्वतःची पत्रे, त्यांची हजेरीपुस्तके, त्यांच्या हस्ताक्षरातला एखादा कागद आपल्यापाशी असता, तर हा वाद उभाच राहिला नसता. पत्र जपणे ही हौशी माणसांची करमणूक नाही, हे सांगायला याहून मोठा दाखला नको.

आणि आपल्या घरांत काय परिस्थिती आहे? आजोबांचा, नानांचा पत्रव्यवहार उर्दूत असतो. कोठे तो मोडीतही सापडतो. नातवंडे मराठी किंवा इंग्रजी शाळेत शिकलेली. घर बदलताना लोखंडी पेटी उघडली जाते, आतील कागद कोणाला वाचता येत नाहीत, कुराणशरीफची आयत असेल म्हणून थोडे अदबीने बाजूला ठेवले जातात, आणि उरलेले रद्दीवाल्याच्या तराजूत जातात. त्यांत एखाद्या मदरशाच्या, शाळेच्या स्थापनेची हकीकत असेल. एखाद्या मास्तरांनी मुलांसाठी लिहिलेल्या नज्मा आणि त्यांबद्दल संपादकाला पाठविलेल्या पत्राची नक्कल असेल. वाचता येत नाही म्हणून कागद निरुपयोगी ठरत नाही. वाचणारा शोधावा लागतो, इतकेच.

माणसाने टाकले नाही तर पाणी नेते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेच्या काठच्या पेठांत पाणी शिरले. संसाराबरोबर किती घरांतले कागद त्या चिखलात गेले असतील, त्याची गणती कोण करणार? २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला, तेव्हा पर्वती-दांडेकर पुलाच्या बाजूच्या वस्त्यांनी तोच अनुभव पुन्हा घेतला. तळमजल्यावर, पलंगाखाली ठेवलेली पेटी सर्वांत आधी बुडते.

तेव्हा ज्यांना हे काम हाती घ्यावेसे वाटेल त्यांच्यासाठी अनुभवी माणसे सांगतात त्या चार साध्या गोष्टी येथे देतो. पत्राबरोबर पाकीटही ठेवावे. लिहिणारा तारीख विसरतो, पण टपालखात्याचा शिक्का विसरत नाही. टाचण्या काढून टाकाव्यात, त्या गंजतात. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये, आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नये. चिकटलेले मागाहून निघत नाही आणि कागद कायमचा जातो. पत्राच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे मोबाईलवर घ्यावीत आणि दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावीत. प्रत्येक पत्राची नोंद वहीत करावी: कोणी लिहिले, कोणाला, कोठून, कधी, आणि ते आपल्याला कोणाच्या घरी मिळाले. ही शेवटची नोंद बहुतेक लोक करीत नाहीत, आणि पुढे पत्राच्या खरेपणाविषयी शंका निघते ती नेमकी तेथेच. मालकाला मूळ पत्र द्यावेसे वाटत नसेल तर आग्रह धरू नये, नक्कल घेऊन समाधान मानावे. घरातील वृद्ध व्यक्तीजवळ बसून पत्रातील नावे कोणाची, 'भाईजान' म्हणजे कोण, 'मोठ्या घरी' म्हणजे कोठे, हे विचारून घ्यावे. ते माणूस गेले की पत्र राहूनही मुके होते.

कायद्याचीही थोडी माहिती हवी. पत्राचा कागद ज्याला ते मिळाले त्याचा असतो, पण त्यातील मजकुरावरचा हक्क लिहिणाऱ्याचा व त्याच्या पश्चात वारसांचा असतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, दुरुस्तीनंतर, लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे हा हक्क टिकतो. म्हणून १९५० साली निधन पावलेल्या साने गुरुजींची हयातीत छापलेली पुस्तके २०११ पासून सर्वांना खुली झाली. परंतु लेखकाच्या हयातीत न छापलेला मजकूर मागाहून प्रसिद्ध झाला, तर ती ६० वर्षे प्रसिद्धीनंतर मोजली जातात. तात्पर्य, जुन्या पेटीत सापडलेले पत्र छापण्यापूर्वी वारसांची परवानगी लेखी घ्यावी. कायद्यासाठी घ्यावी, आणि गालिबांचा नकार आठवून सौजन्यासाठीही घ्यावी.

शाळांनी हे काम केले तर किती सोपे होईल! नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना उन्हाळ्याच्या सुटीत एकच काम द्यावे: आपल्या घरातील किंवा शेजारच्या वृद्धांच्या घरातील सर्वांत जुने पत्र शोधा, ते कोणाकडून तरी वाचून घ्या आणि मराठीत उतरवून आणा. उर्दू जाणणारा आणि मराठीत सुवाच्य लिहिणारा अशी दोघांची जोडी जमवावी. यातून संग्रह होईलच, शिवाय नातवाला आजोबांचे हस्ताक्षर कळेल. इल्म पुस्तकांत असते, तसेच ते घरातल्या पेटीतही असते, हे त्याला सांगावे लागणार नाही.

साने गुरुजींनी हाताने लिहिलेले दैनिक मुलांसाठी होते, निगमांनी मित्राची पत्रे ठेवली ती मैत्रीसाठी, आणि सावित्रीबाईंनी फातिमाचे नाव लिहिले ते काळजीपोटी. यांपैकी कोणीही इतिहासासाठी म्हणून काही केले नव्हते, तरी इतिहासाला आधार मिळाला तो त्यांच्याच कागदांचा. वाचकहो, ही स्मरणिका वाचून झाल्यावर आपल्या घरातील ती जुनी पेटी एकदा उघडून पाहा. आणि कृपा करून ती तळमजल्यावर, पलंगाखाली ठेवू नका.